सातवी ‘ब’च्या बाई

अस्मिता रोकडेला शिक्षिकाच व्हायचं होतं असं काही नव्हतं. बी.एस्सी. झाल्यावर नोकरी मिळेना, म्हणून ती उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात बिलं करायला बसली. शेठची मुलगी गणितात दरवर्षी गटांगळ्या खायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अस्मिता तिला काउंटरवरच गणितं समजावून द्यायची. त्या वर्षी पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि शेठाणी पेढ्यांचा बॉक्स घेऊन दुकानात आली. ती अस्मिताला सिंधीत ‘अदी’, म्हणजे ताई, म्हणायची. “अदी, तू इधर बिल काहे को फाडती है? तू तो टीचर बन,” ती म्हणाली. शेठाणी बोलून गेली, पण अस्मिताच्या डोक्यात ते बसलं. दुकान सांभाळून तिने बी.एड. केलं, टीईटी दिली, अर्ज करत फिरली. शेवटी एका दिवाळीनंतर अंबरनाथला, शिवमंदिराकडच्या एका खाजगी मराठी शाळेत तिला उरलेल्या वर्षापुरतं घेतलं. आधीच्या बाई सुट्टीत गावी गेल्या होत्या, त्या परतल्याच नाहीत. का परतल्या नाहीत, हे अस्मिताने विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं तिला पुढे फार वाटलं.

विठ्ठलवाडीच्या चाळीत मात्र आनंद मावत नव्हता. तिचे वडील महेंद्र सगळा जन्म कारखान्यात फिटर म्हणून राबलेले. ते भाजीवाल्यालाही सांगायचे, “आमची पोरगी शाळेत बाई लागली.” रविवारी विहारात वंदना झाल्यावर बायकांनी तिला पुढे बोलावून फूल दिलं, पेन दिलं, टाळ्या वाजवल्या. महेंद्र मागे भिंतीला टेकून उभे होते, आणि रुमालाने उगाचच चष्मा पुसत होते. अस्मिता हसत होती. उद्या सोमवार होता, शाळेचा पहिला दिवस.

शाळेत दोन सातव्या होत्या. ‘अ’मध्ये अभ्यासातली, आईबाप शाळेत येऊन चौकशी करणारी मुलं. ‘ब’मध्ये बाकी सगळी. दोन्ही वर्ग मुळात एकच मोठी खोली होती, मधे लाकडी पार्टिशन घालून तिचे दोन भाग केले होते. पार्टिशनला एक दार होतं, पण त्याला कायमची कडी आणि कडीपुढे जुनं कपाट. पलीकडे ‘अ’च्या वर्गशिक्षिका विनिता भोईर. अंबरनाथच्याच, आगरी घरातल्या, शाळेत केस पिकायला आलेल्या. त्या कधी ओरडत नसत. पलीकडून फक्त त्यांच्या बोलण्याची संथ लय यायची, आणि अलीकडे अस्मिता बेंबीच्या देठापासून किंचाळत असायची.

पहिल्या दिवशी ती अपूर्णांकांचे रंगीत तक्ते करून घेऊन गेली होती. रात्री बसून, पुठ्ठे कापून. ती वर्गात शिरली तेव्हा कोणी उठलं नाही. मागच्या बाकांवर पेनांची लढाई चालू होती, खिडकीत दोघं लोंबकळत होते, पुढच्या मुली एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. “नमस्कार मुलांनो,” ती म्हणाली. मागून कोणीतरी तिच्याच आवाजात, “नमस्काऽऽर,” म्हणालं आणि अख्खा वर्ग हसला. तास संपेपर्यंत एकही तक्ता तिला भिंतीवर लावता आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एका तक्त्याचं विमान तिच्या खांद्यावर येऊन पडलं.

मग तिने सगळं करून पाहिलं. ओरडून पाहिलं. चॉकलेटं वाटली, तर चॉकलेटांवरून मारामारी झाली. उभं करून पाहिलं, तर उभी असलेली मुलं बसलेल्यांपेक्षा जास्त खूश दिसू लागली. “आईवडिलांना बोलावीन,” म्हणाली, तेव्हा दिपेश नावाचा एक जाडसर मुलगा शांतपणे म्हणाला, “बाई, पप्पांचा नंबर बंद आहे. आईला बोलवा, पन ती कामावर असते.” वर्गाबाहेर काढलं तर मुलं पटांगणात खेळायला गेली, आणि मुख्याध्यापक श्यामकांत वडनेरे सरांनी त्यांना हाताला धरून परत आणून सोडलं. “रोकडे मॅडम, वर्गातली मुलं वर्गातच ठेवायची असतात,” ते दारातूनच म्हणाले. मुलांसमोर.

आणि या सगळ्यात एक धर्मेश. काटकुळा, डोळे सतत फिरते, हात एका जागी नाही. कुठेही काही पडलं, फाटलं, आपटलं की शेजारी धर्मेश. कोणी काही विचारायच्या आत वर्ग एका सुरात सांगायचा, “बाई, धर्मेश!” दिवसातून कितीदा ती हे नाव घ्यायची याची तिलाच लाज वाटायला लागली होती, पण तोंडात तेच यायचं.

गोंगाट वाढला की पलीकडून विनिताताई पार्टिशनवर पट्टी आपटायच्या. खाड, खाड. तेवढ्यापुरता वर्ग गप्प व्हायचा, कारण विनिताबाईंना सगळे भ्यायचे. त्या शांततेचा अस्मिताला गोंगाटापेक्षा जास्त त्रास व्हायचा. एकदा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा मेसेज पडला: ‘सातवी ब चा आवाज कार्यालयापर्यंत येतो. संबंधितांनी नोंद घ्यावी.’ खाली कोणीतरी अंगठा टाकला होता. ग्रुपवर सातवी ‘ब’शी संबंधित एकटी तीच होती.

तिचं जेवण तुटलं. डबा तसाच परत यायचा, आईने बघू नये म्हणून ती वाटेत कुत्र्यांना घालायची. शाळा दुपारची, पण सकाळी उठल्यापासूनच ती घड्याळाकडे बघायला लागायची. एकदा ती शाळेच्या फाटकापर्यंत आली आणि पाय आत वळेनात. ती तशीच पुढे चालत देवळापर्यंत गेली, फुलवाल्यांच्या दुकानांपुढे उभी राहिली, आणि घंटा झाल्याचं ऐकू आल्यावर पळत परत आली. महेंद्र संध्याकाळी विचारायचे, “काय मग बाई, आज काय शिकवलं?” ती म्हणायची, “अपूर्णांक.” महिना उलटला तरी अपूर्णांकच चालू होते, पण वडिलांच्या ते लक्षात येत नव्हतं. किंवा येत असेल, बोलत नसतील.

हिवाळ्यात त्या भागात दुपार कलली की कारखान्यांकडून उग्र वास येतो. नाकात झोंबतो, डोळे चुरचुरतात. त्या दिवशी तो जरा लवकरच आला. अस्मिता फळ्याकडे तोंड करून उदाहरण लिहीत होती. मागे नेहमीचा गलका. ती वळली नाही, कारण वळलं की काय दिसणार हे तिला ठाऊक होतं. निदान हे एक उदाहरण तरी पूर्ण लिहून होऊ दे, एवढीच तिची इच्छा उरली होती.

मग बाक सरकल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग धप्प असा एक. आणि वर्ग गप्प झाला. इतके दिवस जी शांतता तिने भीक मागावी तशी मागितली होती, ती आली. तिने वळून पाहिलं. तेजल नावाची खिडकीजवळची मुलगी खाली पडली होती. ही मुलगी इतकी गरीब, की अस्मिताला तिचा आवाजही ओळखता आला नसता. बाकाच्या कोपऱ्याने तिची भुवई फाटली होती. अर्धा चेहरा रक्ताने माखला होता, आणि ती रडतसुद्धा नव्हती, नुसती बघत होती.

अस्मिताच्या हातात खडू होता. तो तिने खाली ठेवला नाही, टाकला नाही, ती हललीच नाही. किती वेळ ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. तिला फक्त एवढं आठवतं की व्हरांड्यातून विनिताताई धावत आत आल्या, त्यांनी आपल्या ओढणीची घडी करून तेजलच्या भुवईवर दाबली, तिला उचललं आणि, “रिक्षा थांबवा रे कोणीतरी!” असं ओरडत निघूनही गेल्या. विनिताताईंना ओरडताना तिने पहिल्यांदाच ऐकलं.

मग वर्गाला वाचा फुटली. सगळे एकदम बोलायला लागले. “कोणी ढकललं तिला? कोणी?” अस्मिता किंचाळली. कोणी सांगेना. तेवढ्यात दारातून धर्मेश धापा टाकत आत आला. बाहेरून. वर्गातून पळून गेलेला, घाबरलेल्या चेहऱ्याचा धर्मेश. तिने काही विचारलं नाही. दोन पावलं पुढे जाऊन तिने त्याच्या सणसणीत थोबाडीत मारली.

त्याचं डोकं एका बाजूला गेलं. त्याने गालावर हातसुद्धा नेला नाही. तिच्याकडे बघितलं, जाऊन आपल्या जागेवर बसला, आणि शाळा सुटेपर्यंत डोकं बाकावर टेकून राहिला.

शाळा सुटल्यावर विनिताताई दवाखान्यातून शिक्षकखोलीत परतल्या. ओढणी नव्हती, कुर्त्यावर डाग होते. “टाके पडले, पण डोळा वाचला,” त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. “खिडकी लावायला बाकावर चढली होती बिचारी, वास सहन होईना म्हणून. मागे कोणाची तरी झोंबाझोंबी चालली होती, बाकाला धक्का लागला. कोणी मुद्दाम नाही केलं, तीच सांगत होती.” पाणी पिऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “तो धर्मेश कुठंय? गेला का? शहाणं पोर. वाऱ्यासारखा आला माझ्या वर्गात. ‘बाई, चला, आमच्या बाईंना काय सुचत नाय’ म्हणाला.”

अस्मिता उठून सातवी ‘ब’मध्ये गेली. धर्मेशचा बाक रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी तेजलचा मामा शाळेत आला आणि पटांगणातूनच ओरडत आत शिरला. “पोरी सांभाळता येत नाय तर शाळा कशाला चालवता?” त्याचं काही चुकत नव्हतं. सरांनी त्याला चहा पाजून, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवून परत पाठवलं. मग अस्मिताला आणि विनिताताईंना कार्यालयात बोलावलं.

“रोकडे मॅडम, तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात तर तुमच्याही पुढच्या दृष्टीने बरं,” सर म्हणाले. ते दुष्ट नव्हते. त्यांनाही वर संस्थेला उत्तर द्यायचं होतं. “भोईर मॅडम, तुम्ही शेजारी असता. या वर्गात शिस्त नसते, रोज गोंगाट असतो, एवढं तुम्ही मला लिहून द्या.”

विनिताताईंनी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, “लिहून देते. रोज गोंगाट असतो. आणि रोज मी पार्टिशनवर पट्टी आपटते. एकदाही दारातून आत जाऊन या मुलीला विचारलं नाही, की बाई गं, काय होतंय तुझं? हे पण लिहिते. चालेल का सर?”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मार्च येतोय भोईर मॅडम, आता नवीन माणूस मला कोण देणार?” ते वैतागून म्हणाले. “परीक्षेपर्यंत बघू. पण पुन्हा काही झालं तर मी नाही वाचवू शकणार.”

“मी मुलाला मारलंय सर,” अस्मिता म्हणाली. “ते राहिलं सांगायचं.” सरांनी डोळे मिटून घेतले. त्यांनी मेमो दिला, तो तिने सही करून घेतला.

पण ज्याला मारलं तो आलाच नव्हता. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. आठवडा गेला. धर्मेशच्या बाकावर दुसरी मुलं दप्तरं ठेवायला लागली. “मी जाते त्याच्या घरी,” अस्मिता म्हणाली, तेव्हा विनिताताई म्हणाल्या, “एकटी नको. मी येते. त्याच्या आजीला माझी भाषा कळेल.”

गावठाणातल्या जुन्या घराच्या ओट्यावर काशीआजी मेथी निवडत बसल्या होत्या. धर्मेशचे आईवडील दोघंही नव्हते, त्यांनीच त्याला वाढवलेलं. विनिताताईंनी भोईरांची ओळख सांगितली, कोणाची कोण ते जुळवलं, मग विचारलं, “आजी, धर्मेश शाळेत का येत नाही?”

म्हातारीचे हात थांबले. “येत नाय? काय बोलतस गो बाय? रोज जातो तो. दप्तर घेतो, डबा घेतो, नि जातो. मीच डबा भरते त्याला.” तिने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. “मंग जातो कनं माझा पोर?”

परतताना अस्मिताच्या डोळ्यांपुढे रूळ येत होते, नाला येत होता, वालधुनी नदीचं काळं पाणी येत होतं. बारा वर्षांचं पोर रोज दुपारी दप्तर घेऊन निघतं आणि कुठे जातं ते एकाही मोठ्या माणसाला माहीत नाही, आणि ते तिच्या एका थपडेमुळे. घरी गेल्यावर महेंद्रनी नेहमीसारखं विचारलं, “काय मग बाई?” आणि ती उंबऱ्यातच हमसून हमसून रडायला लागली. तिने सगळं सांगितलं. महेंद्र ऐकत राहिले. समजूत घातली नाही, रागावलेही नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, “पोराला शोध आधी. नोकरीचं मग बघू.”

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली तेव्हा तिचा घसा पार बसला होता. तोंडातून नुसती हवा येत होती. गलका नेहमीसारखाच. तिने खडू घेऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘तेजलला कोणी ढकललं नव्हतं. धर्मेश मदत आणायला गेला होता. मी न विचारता त्याला मारलं. माझी चूक झाली.’

पुढच्या बाकावरच्या एकीने ते वाचलं आणि शेजारणीला ढोसलं. मग दुसऱ्या ओळीने वाचलं. मागे कोणीतरी मोठ्याने, अक्षर लावत लावत वाचायला लागलं, आणि ‘माझी चूक झाली’पाशी त्याचा आवाज खाली आला. अस्मिताने खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘तो घरी सांगून निघतो आणि इथे येत नाही. मला फार भीती वाटते आहे.’

कोणी हसलं नाही. हे तिच्या धाकाने झालं नव्हतं, तिला ते कळत होतं. मधल्या सुट्टीत दिपेश तिच्या टेबलाशी घोटाळला. “बाई, मी सांगितलं असं त्याला बोलू नका. तो पाच नंबरला जातो, उल्हासनगरला. जीन्सच्या कारखान्यात. धागे कापतो.”

शाळा सुटताच दोघी रिक्षाने निघाल्या. कॅम्प पाचच्या गल्ल्यांमधून विचारत, गटाराच्या कडेने, जीन्सच्या रंगाचं निळं पाणी ओलांडत त्या एका पत्र्याच्या गाळ्यात पोचल्या. आत शिलाई मशीनांची घरघर, पिवळे बल्ब, आणि जीन्सचे हे एवढे ढीग. एका ढिगाआड धर्मेश मांडी घालून बसला होता. हातात छोटी कात्री, केसांत निळा तंतू. इथे त्याचे हात अजिबात भरकटत नव्हते. दप्तराची त्याने उशी केली होती.

त्यांना बघून तो उठला नाही. गाळ्याचा मालक पुढे आला, “क्या है मॅडम? अपनी मर्जी से आता है लडका.” विनिताताईंनी त्याला बाजूला घेतलं आणि मुलांच्या कामाबद्दल कायदा काय म्हणतो ते हिंदीत, अगदी हळू आवाजात समजावायला सुरुवात केली. त्याचा चेहरा उतरत गेला.

अस्मिता धर्मेशपुढे खाली बसली. मशीनांच्या आवाजात तिचा बसलेला घसा ऐकू जाईना, म्हणून तिला अगदी जवळ जावं लागलं. “माझं चुकलं, धर्मेश. मला माहीत नव्हतं तू कुठे गेला होतास. मी विचारायला हवं होतं.”

तो धागे कापत राहिला. “सगल्यांसमोर मारलंत तुम्ही.”

“हो. आज सगळ्यांसमोर सांगितलंय मी, की माझी चूक होती.”

“मी नव्हतो ना पन तेव्हा,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून गाळ्यावाल्याने त्याला आत घेणं बंद केलं, पण म्हणून तो शाळेत आला नाही. तो घरीच बसून राहिला, आजीशीही बोलेना. अस्मिताने राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला.

“देशील तेव्हा देशील,” विनिताताई म्हणाल्या, “तोवर शिकून तर घे.” आणि एका शनिवारी दोघींनी मिळून ते जुनं कपाट ओढून बाजूला केलं, गंजलेली कडी तेल घालून काढली आणि पार्टिशनचं दार उघडलं.

पहिले काही दिवस फजितीच झाली. ‘ब’ची मुलं शांत व्हायच्या ऐवजी ‘अ’ची बिघडली. ‘अ’च्या पालकांनी तक्रार केली, सर येऊन दारात उभे राहिले आणि कपाळाला हात लावून निघून गेले. पण विनिताताईंनी दार लावलं नाही. त्या ‘अ’ला लेखी काम देऊन ‘ब’मध्ये पुढे शिकवायच्या तेव्हा अस्मिता मागे, बाकांमधून फिरायची. तेव्हा तिला कळलं की मागच्या बाकांवरून फळा नीट दिसतच नाही, खिडकीचा उजेड पडतो. इतके दिवस ती ज्यांना मस्तीखोर म्हणत होती, त्यातल्या निम्म्यांना काय चाललंय ते दिसतच नव्हतं. अस्मिता पुढे असली की विनिताताई मागे उभ्या राहायच्या आणि तास संपल्यावर व्हरांड्यात सांगायच्या, “बोलत बोलत वर्गात शिरू नकोस गं. आधी उभी राहा. आणि जे करणार नाहीस त्याची धमकी देऊच नकोस, मुलं हिशोब ठेवतात.” कधी नुसतंच, “आज बरं होतं.” अस्मिता घरी जाताना ते ‘बरं होतं’ मनात घोळवत जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं विस्कटायचं. एकदा तर ती पुन्हा किंचाळली, आणि हात उगारलेला मधेच थांबवला. तो हात तिने दिवसभर ओढणीत गुंडाळून ठेवला.

दोघी दर दोन दिवसांनी गावठाणात जात होत्या. कधी धर्मेश दार लावून घ्यायचा. काशीआजी ओट्यावर चहा आणून द्यायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या. एकदा विनिताताईंना काही काम निघालं, तेव्हा अस्मिता एकटीच गेली, बंद दाराबाहेर बसली आणि निघून आली. त्याला काही समजावण्याचा प्रयत्न तिने आता सोडला होता.

मग विनिताताईंना मतदारयाद्यांच्या कामाला लावलं, आणि दोन्ही वर्ग अस्मितावर आले. पहिल्याच दुपारी तिने दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभं राहून पाहिलं: इकडे गलका, तिकडे गलका. पळून जावंसं वाटलं. ती गेली ती सगळ्यात मागच्या बाकाशी. तिथे बसून दोघांना एक उदाहरण दिलं. मग पुढचा बाक. तेजल आता परत आली होती, भुवईवर टाक्यांची खूण. तिला फळ्यावर लिहायला लावलं, कारण आता अस्मिता वर्गाकडे पाठ करत नसे. आवाज बंद झाला नाही. पण हळूहळू तो गणितांचा आवाज झाला, कोणाचं बरोबर, कोणाचं चूक यावरून भांडणाचा.

असाच तास चालू असताना व्हरांड्यात काशीआजी दिसल्या. पुढे धर्मेश. त्याचा दंड त्यांनी घट्ट धरला होता, पण तो ओढून आणल्यासारखा दिसत नव्हता. वर्ग आपोआप थांबला. अस्मिता दारापर्यंत गेली.

“सगळ्यांनी ऐका,” ती म्हणाली. “त्या दिवशी धर्मेश तेजलसाठी पळत मदत आणायला गेला. त्याच्यामुळे तिला लवकर दवाखान्यात नेता आलं. आणि मी त्याला मारलं. धर्मेश, मी तुझी माफी मागते.”

धर्मेश जमिनीकडे बघत राहिला. तेजलने सरकून जागा केली, तो तिच्या शेजारी बसला. आजी थोडा वेळ व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतरचे दिवस सोपे झाले असं नाही. तो रोज येत होता, पण अस्मिताशी एक अक्षर बोलत नव्हता. प्रश्न विचारला की कोऱ्या नजरेने बघायचा. ती त्याला उभं करत नव्हती, टाळतही नव्हती. वही तपासून, चुकलेलं दाखवून पुढच्या बाकाकडे जायची. वर्गात काही पडलं की अजूनही कोणीतरी “धर्मेश!” म्हणायचं. आता ती विचारायची, “तू पाहिलंस का?” बहुतेकदा कोणी पाहिलेलं नसायचं.

परीक्षा आल्या. सरांनी एकदा मागे बसून तिचा तास पाहिला आणि शेऱ्यात लिहिलं, ‘सुधारणा आवश्यक.’ पुढच्या वर्षी घेणार की नाही, ते सांगितलं नाही. राजीनामा अजून तिच्या पर्समध्येच होता, घड्यांवर चुरगळलेला. विनिताताई म्हणत होत्या की संस्थेशी बोलतील. महेंद्र काही विचारत नव्हते, पण संध्याकाळी चहा टाकून तिची वाट बघत बसायचे.

शेवटच्या पेपरला तिची त्याच वर्गावर देखरेख होती. गणिताचाच पेपर. धर्मेशने सगळ्यांच्या आधी संपवला. टेबलावर उत्तरपत्रिका ठेवली, दारापर्यंत गेला, तिथे थांबला आणि पाठमोराच म्हणाला, “जातो बाई.”

“सावकाश जा,” अस्मिता म्हणाली. तो वळला नाही. चपलांचा फटफट आवाज व्हरांड्यातून जिन्याकडे गेला, आणि ती वर्गाकडे फिरली, कारण मागच्या बाकावर दिपेशची मान शेजाऱ्याच्या पेपरकडे जरा जास्तच वळली होती.